वॉकीटॉकी (खान्देशातील वापर, कायदा व सुरक्षितता)

वॉकीटॉकी म्हणजे हातात धरून वापरायचा, बोलणे आणि ऐकणे दोन्ही करणारा लहान रेडिओ संच. त्याला मोबाइलसारखा मनोरा, सिमकार्ड किंवा रिचार्ज लागत नाही. एका सेटमधून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटच्या अँटेनापर्यंत जाते. बाजूचे बटण दाबले की बोलायचे आणि सोडले की ऐकायचे. एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले तर तिसऱ्याला नुसती खरखर ऐकू येते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे सेट आता सर्रास दिसतात. भुसावळच्या रेल्वे यार्डात आणि पोलीस बंदोबस्तात ते पूर्वीपासून आहेत. अलीकडे जिनिंग, मंगल कार्यालये, यात्रेतले स्वयंसेवक, पवनचक्क्यांची देखभाल करणारी मंडळी आणि मोठे बागायतदारही ते वापरू लागले आहेत. अक्राणी-धडगावकडच्या सातपुड्यात मोबाइलला रेंज मिळण्याची खात्री नसते, त्यामुळे तिकडे त्यांचे आकर्षण जास्त. रेल्वे आणि पोलीस यांना त्यांच्या लहरी, म्हणजे वारंवारता, रीतसर नेमून दिलेल्या असतात. बाकीच्यांचे काय, हा या नोंदीचा मुख्य विषय.

पल्ला

खोक्यावर दहा किलोमीटर लिहिलेले असते. ते अगदीच हवेतले नाही, पण शेतात त्याचा उपयोगही नाही. अतिउच्च वारंवारतेच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांना क्षितिजाची मर्यादा पडते आणि अँटेना जितकी उंच तितके ते क्षितिज लांब. अँटेनाच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. जमिनीपासून दीड मीटरवर सेट धरलेल्या माणसासाठी ते सुमारे पाच किलोमीटर येते. समोरच्याचेही तेवढेच धरले की दहा होतात. हे गणित मोकळ्या, सपाट रानाचे आहे. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेत पान, खोड, घड सगळेच पाण्याने भरलेले. ते लहर शोषून घेतात आणि पल्ला एखाद्या किलोमीटरवर, कधी त्याहूनही खाली येतो. बागेच्या कडेला, बांधावर किंवा पंपघराच्या धाब्यावर चढून बोलले की तोच सेट एकदम सुधारल्यासारखा वाटतो.

याचे उलटे टोक तोरणमाळला दिसते. पठाराच्या कडेवरून खालचे तापीचे खोरे सुमारे नऊशे मीटर खाली आहे, म्हणजे क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाते. तिथून मित्राशी मारलेल्या गप्पा शहादा-शिरपूरकडे त्याच लहरीवर काम करणाऱ्या कुणाच्याही कानावर पडू शकतात. चुकीच्या लहरीवरचा सेट गावात जेवढा त्रास देतो त्याच्या कितीतरी पट डोंगरावरून देतो, ते यामुळेच.

कायदा

परवाना लागतो की नाही हे सेट कुणाच्या हातात आहे, शेतात आहे की लग्नात, यावर ठरत नाही. तो कोणत्या लहरीवर आणि किती शक्तीने बोलतो यावर ठरते. लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

१९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय असा संच जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला होता. मूळ कायद्यात पहिल्या खेपेला दंड शंभर रुपयांपर्यंत, पुढे अडीचशेपर्यंत होता. ही रक्कम वाचून कुणी हसेल, पण तो काळ गेला. त्या कायद्याची आणि १८८५ च्या तार कायद्याची जागा घेण्यासाठी दूरसंचार कायदा, २०२३ झाला असून दंडाचे आकडे आता शंभर-अडीचशेचे राहिलेले नाहीत. रेडिओ संच बाळगायला अधिकारपत्र किंवा सरकारने दिलेली सूट हवी, हे मूळ तत्त्व मात्र नव्या कायद्यातही कायम आहे. लहरींचे वाटप दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते. ती ‘डब्ल्यूपीसी’ या नावाने ओळखली जाते.

सर्वसामान्य माणसाच्या कामाची सूट २०१८ च्या नियमांत आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्टीतल्या कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. पट्टी जेमतेम २०० किलोहर्ट्झची, साडेबारा किलोहर्ट्झचा एक चॅनेल धरला तर सोळा चॅनेल मावतील एवढी. ती सगळ्यांची सामाईक आहे, एखादा चॅनेल कुणाच्या मालकीचा होत नाही. सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासच्या नागरिक पट्टीलाही २००५ पासून पाच वॅटपर्यंत सूट आहे, पण त्या संचांची अँटेना लांब लागते आणि खान्देशात ते क्वचितच दिसतात.

सूट आहे म्हणून कोणताही सेट चालतो असे नाही. संचाच्या त्या मॉडेलला डब्ल्यूपीसीची उपकरण प्रकार मान्यता, म्हणजेच ‘ईटीए’, असावी लागते. सेट हातात घेतल्यावर बॅटरी काढून आतले लेबल पाहावे. मॉडेल क्रमांक, वारंवारता आणि शक्ती तिथे छापलेली असते. लेबलावर ‘१३६–१७४’ आणि ‘४००–४८०’ असे मेगाहर्ट्झमधले लांबलचक पट्टे दिसले तर तो सूट मिळालेला सेट नव्हे. असा सेट संगणकाला जोडून किंवा कीपॅडवरून हव्या त्या लहरीवर लावता येतो, आणि धोका नेमका त्यातच आहे. १३६ ते १३७ हा तुकडा विमान वाहतुकीच्या पट्टीत येतो. ४०६ मेगाहर्ट्झवर जहाजे, विमाने आणि गिर्यारोहकांचे संकटसंकेत उपग्रहाकडे जातात. मधल्या पट्ट्यांत पोलीस, रेल्वे आणि परवाना घेतलेले उद्योग आहेत. दुकानदाराने आधीच ‘सेट करून’ दिलेले चॅनेल यांपैकी कोणावर आहेत हे घेणाऱ्याला कळतही नाही. ‘सगळे हेच वापरतात’ हे त्यावरचे उत्तर नव्हे.

ऑनलाइन विक्रीतही हाच घोळ होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार ई-व्यापार मंचांना वॉकीटॉकीची वारंवारता पडताळावी लागते, ईटीए नसलेले संच विकता येत नाहीत आणि परवान्याविषयीची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. जाहिरातीत वारंवारताच लिहिलेली नसेल तर तो सेट घेऊ नये.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेले सेट हा आणखी एक प्रकार. अमेरिकेत घरगुती वापराचे संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात आणि तिथे ते कायदेशीर आहेत. इथे त्या लहरींना सूट नाही. युरोपातल्या घरगुती संचांची पट्टी भारतासारखीच ४४६ ची आहे, पण इथल्या ईटीएची अट त्यांनाही लागू होतेच.

जास्त शक्ती, स्वतःचा राखीव चॅनेल किंवा छतावरची अँटेना हवी असेल तर परवाना घ्यावा. साखर कारखाना, सूतगिरणी, मोठी जिनिंग यांनी हाच मार्ग धरावा. अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर होतो. परवान्यात लहर, संचांची संख्या आणि वापराचे क्षेत्र नमूद असते, आणि लहरीचे शुल्क भरावे लागते. लहरींचा कारभार केंद्राकडे असल्याने राज्याची हद्द ओलांडली म्हणून वेगळा राज्य परवाना लागत नाही. पण शिरपूरच्या आवारासाठी दिलेला परवाना सेंधव्यात चालत नाही.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, हा वेगळा मार्ग. परीक्षा देऊन वैयक्तिक परवाना मिळतो, वयाची अट किमान बारा वर्षे, आणि मिळणारी ओळखसंज्ञा ‘व्हीयू’ने सुरू होते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची पट्टी हातातल्या सेटवर सर्वाधिक वापरली जाते. मात्र धंद्याची बोलणी, म्हणजे केळीचा भाव, ट्रकची वेळ, मजुरांची हजेरी, तिच्यावर करता येत नाहीत. परवाना एकाचा आणि सेटवर बोलतो सालदार, हेही चालत नाही.

सुरक्षितता

खान्देशातला पहिला धोका सुरुंगाचा. विहीर खोदताना काळा पाषाण लागला की सुरुंग लावतात. विजेने उडणाऱ्या तोट्यांच्या (डिटोनेटरच्या) तारा अँटेनासारखे काम करून जवळच्या प्रक्षेपकाची ऊर्जा पकडू शकतात आणि तोटी अवेळी उडू शकते. म्हणून सुरुंगाच्या जागी ‘बोलू नका’ एवढे सांगून भागत नाही. खिशात बटण दाबले जाऊ शकते. सेट बंदच करावा, आणि तोही लांब असतानाच. रस्त्याच्या कामावर किंवा खाणीजवळ तशी पाटी दिसली तर हेच करावे.

पेट्रोलपंप, गॅसची गोदामे आणि स्पिरिटची साठवण इथे साधा सेट वापरू नये. ठिणगी न पडण्याची हमी असलेले प्रमाणित संच वेगळे मिळतात. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू हवेत उडत असतात. तिथे निदान बॅटरी बदलणे आणि चार्जिंग तरी कामाच्या शेडबाहेर करावे.

दुसरा धोका उन्हाचा. बहुतेक सेटमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते आणि ती साधारण शून्य ते ४५ अंशांदरम्यान चार्ज करायची असते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा सावलीतच तिथवर चढतो. पत्र्याखालच्या शेडमध्ये किंवा उभ्या गाडीच्या काचेमागे तो कुठे जात असेल हे सांगायला नको. चार्जिंग रात्री किंवा पहाटे करावे. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये. वेगळ्या सेटचा चार्जर ‘पिन बसते’ म्हणून लावू नये.

बोलताना सेट तोंडापासून तीन-चार बोटे दूर, उभा धरावा. अँटेना अंगाला किंवा डोळ्याला टेकवू नये आणि तुटलेल्या अँटेनाने बोलू नये. अँटेनाशिवाय बटण दाबले तर सेटचा प्रक्षेपक जळू शकतो. पेसमेकर असलेल्याने सेट छातीच्या खिशात ठेवू नये. वळीव गडगडू लागला की डोंगरमाथ्यावरून बोलणे थांबवून खाली उतरावे.

बोलण्याची रीत

बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, नाहीतर पहिला शब्द तुटतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले. शिंदखेडा भागातल्या शेतावर ते असे ऐकू येते : “आबा, आबा, मी बापू. मोटर बंद करा, पाईप फुटी गया. ओव्हर.” पलीकडून : “मोटर बंद करी राहिनू. ओव्हर.” निरोप परत म्हणून दाखवणे ही चांगली सवय आहे. आकडे सुटे सांगावेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत सारखेच वाटतात, पाच-नऊ आणि सहा-नऊ वाटत नाहीत.

संचावरचा ‘प्रायव्हसी कोड’ नावाप्रमाणे खासगी नसतो. तो फक्त तुमच्या सेटला इतरांचा आवाज ऐकवत नाही. तुमचे बोलणे त्याच चॅनेलवरचा कुणीही ऐकू शकतो. पैशाची रक्कम, घरी कुणी नाही ही माहिती, कुणाच्या लेकीसुनेविषयी काही, असले यावर बोलू नये.

अस्तंब्याच्या यात्रेला किंवा सातपुड्यात चढाईला सेट नेणाऱ्यांनी एक गोष्ट धरून चालावी. सूट असलेल्या ४४६ च्या पट्टीवर पोलीस किंवा रुग्णवाहिका कान लावून बसलेली नसते. दुसरा सेट मोबाइलला रेंज असलेल्या ठिकाणी, पायथ्याच्या गावात थांबलेल्या माणसाकडे असावा आणि त्याला ११२ क्रमांक, वाटेचे टप्पे व परतीची वेळ माहीत असावी. ठरल्या वेळी हाक आली नाही तर किती वेळ थांबून ११२ ला फोन करायचा, हेही निघण्यापूर्वीच त्याच्याशी ठरवावे.