घरी घडवलेले गेम आणि त्यांचे जतन : पार्श्वभूमी

एखादा गेम निर्माता नावारूपाला आल्यावर आपल्या उमेदवारीच्या काळातले, बहुतेक वेळा फुकट वाटलेले आणि पुष्कळदा कच्चेच राहिलेले गेम शोधून काढतो आणि ते एकत्रित स्वरूपात पुन्हा लोकांपुढे ठेवतो. अशा संग्रहांपैकी एक ठळक उदाहरण म्हणजे एडमंड मॅकमिलन या अमेरिकी निर्मात्याचा ‘द बेसमेंट कलेक्शन’. हा संग्रह ३१ ऑगस्ट २०१२ रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आला. त्याआधी २०१० मध्ये ‘सुपर मीट बॉय’ आणि २०११ मध्ये ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’ या गेममुळे मॅकमिलनचे नाव जगभर पोहोचले होते. संग्रहातले ‘एथर’, ‘कॉइल’, ‘स्प्यूअर’, ‘ग्रे मॅटर’, ‘ट्रायॅक्निड’ आणि मूळ ‘मीट बॉय’ हे गेम मात्र त्याहून जुने, फ्लॅश या चलच्चित्रे आणि गेम करण्याच्या साधनात केलेले आणि ब्राउझरमध्ये कोणालाही विनामूल्य खेळता येणारे होते. फुकट मिळणारी गोष्ट विकत का घ्यावी, याचे उत्तर संग्रहात गेमसोबत दिलेल्या साहित्यात आहे. रेखाटने, अर्धवट आराखडे, प्रत्यक्ष चालणारे कच्चे नमुने असा सगळा ऐवज मॅकमिलनने गेमच्या शेजारी मांडला आणि तयार वस्तूइतकीच ती घडण्याची प्रक्रियाही पाहण्याजोगी असते, हे दाखवून दिले.

या प्रथेचे मूळ समजण्यासाठी फ्लॅशचा इतिहास पाहावा लागतो. १९९६ मध्ये ‘फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर’ नावाने आलेले हे साधन त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया या कंपनीने घेतले आणि त्याला फ्लॅश हे नाव मिळाले. पुढे २००० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ही भाषा आली आणि केवळ चलच्चित्रे काढणाऱ्याला नियम, गुण, शत्रू आणि हारजीत लिहिण्याची सोय झाली. त्याच वर्षी टॉम फल्पच्या न्यूग्राउंड्स या संकेतस्थळाने कोणालाही आपले काम थेट चढवता येईल आणि प्रेक्षक मत देऊन ते ठेवायचे की काढायचे हे ठरवतील, अशी व्यवस्था सुरू केली. प्रकाशक, दुकान, खोके यांपैकी कशाचीही गरज उरली नाही. फ्लॅशमधली चित्रे ठिपक्यांऐवजी रेषा आणि वक्रांच्या गणितातून उभी राहत असल्यामुळे फायली लहान असत, आणि टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरही गेम उघडत असे. चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी यांसारख्या गावांत सायबर कॅफे निघाले, तेव्हा तासावर पैसे मोजून बसणाऱ्या मुलांना परवडणारा गेम फ्लॅशचाच होता, कारण तो संगणकात बसवावा लागत नसे आणि कॅफेवाल्याची परवानगीही लागत नसे. लोडिंगची पट्टी भरेपर्यंत थांबायचे, एवढेच. घरी बसून केलेले हे गेम कोणी केले, याचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नसेल. पण कॅलिफोर्नियातल्या एका खोलीत तयार झालेला गेम कोकणातल्या कॅफेत उघडावा, ही वितरणाची रीत त्याआधी अस्तित्वातच नव्हती.

‘मीट बॉय’ हा गेम या संदर्भात जवळून पाहण्यासारखा आहे. मांसाचा एक लहानसा चौकोनी गोळा भिंतींवरून उड्या मारत, फिरत्या करवती चुकवत पट्ट्या गुंडाळलेल्या मैत्रिणीपर्यंत पोहोचतो, ही कल्पना २००८ च्या फ्लॅश आवृत्तीतही आहे आणि दोन वर्षांनी आलेल्या ‘सुपर मीट बॉय’ या मोठ्या गेममध्येही. दोन्ही शेजारी ठेवून खेळले की काय टिकले आणि काय घासूनपुसून घेतले, हे बोटांना कळते. दुसरी गोष्ट श्रेयाची. संग्रहावर नाव एकाचे असले तरी मॅकमिलन हा मुख्यतः चित्रकार आणि रचनाकार. प्रोग्रामिंग बहुतेक वेळा सहकाऱ्याने केलेले आहे. ‘मीट बॉय’मध्ये जोनाथन मॅकएन्टी, ‘एथर’मध्ये टायलर ग्लायल, ‘कॉइल’मध्ये फ्लोरियन हिम्सल हे त्याचे सहकारी होते. घरगुती गेम म्हणजे एकट्याचे काम, ही समजूत या एका संग्रहानेही खोडली जाते, आणि म्हणून असे संग्रह करताना नामावली चोख ठेवणे हे माझ्या मते चित्रे जपण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

संग्रह निघाला तेव्हाच फ्लॅशचे दिवस भरत आले होते. आयफोनवर फ्लॅश कधीच चालले नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून त्यामागची कारणे मांडली, त्यांत सुरक्षेतील त्रुटी आणि बॅटरीचा खर्च हीही होती. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया विकत घेतलेल्या अडोबीने जुलै २०१७ मध्ये फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याची देखभाल थांबली आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने फायली उघडण्याचेच थांबवले. दोन दशकांत हजारो हातांनी केलेले काम एका तारखेला बंद पडण्याची वेळ आली. ते पूर्णपणे बुडाले नाही, कारण २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लॅशपॉइंट’ या स्वयंसेवी प्रकल्पाने असे गेम मोठ्या प्रमाणावर उतरवून ठेवले आणि ‘रफल’ या प्रोग्रामने फ्लॅशची नक्कल करून ते आजच्या ब्राउझरमध्ये चालवून दाखवले. इंटरनेट आर्काइव्हनेही नोव्हेंबर २०२० मध्ये रफलचा आधार घेतला.

येथे एक तांत्रिक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण सगळा प्रश्न त्यावर उभा आहे. खेळणाऱ्याला मिळते ती एसडब्ल्यूएफ फाइल, म्हणजे तयार माल. निर्मात्याकडे राहते ती एफएलए फाइल, जिच्यात थर, चौकटी, टिपणे आणि बदलता येण्याजोगा कोड असतो. बाहेरचे स्वयंसेवक कितीही तळमळीचे असले तरी त्यांच्या हाती फक्त पहिली लागते. दुसरी फाइल, वहीतली रेखाटने आणि फसलेले नमुने फक्त करणाऱ्याकडेच असतात. त्यामुळे निर्मात्याने स्वतः संग्रह काढणे हा जतनाचा वेगळाच प्रकार ठरतो.

जॉर्डन मेकनर या अमेरिकी गेम निर्मात्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. १९८९ मध्ये अ‍ॅपल टू या संगणकावर आलेल्या त्याच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचा मूळ कोड हरवला असे मानले जात होते. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात मागे पडलेल्या खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, जाणकारांनी त्या वाचल्या आणि कोड सर्वांसाठी खुला झाला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल इक्लिप्स या संस्थेने मेकनरच्या ‘कराटेका’ या गेमवरचा ‘द मेकिंग ऑफ कराटेका’ हा संग्रह काढला, आणि त्यात महाविद्यालयीन वयातला, प्रकाशकाने न स्वीकारलेला ‘डेथबाउन्स’ हा गेमही खेळायला दिला. त्याच संस्थेने २०२४ मध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून घरगुती संगणकांसाठी गेम करणाऱ्या जेफ मिंटर या ब्रिटिश निर्मात्याचे ४२ गेम एकत्र आणले.

आपल्याकडे या इतिहासाची सुरुवात क्यूबेसिक आणि टर्बो सी या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनांपासून धरावी लागते. १९९१ च्या एमएस-डॉस ५ या संगणक चालवणाऱ्या प्रणालीसोबत क्यूबेसिक आणि ‘गोरिला’ हा गेम येत असे. इमारतींच्या गच्च्यांवर उभे दोन गोरिला एकमेकांवर स्फोटक केळी फेकतात; खेळणाऱ्याने कोन आणि वेग आकड्यांत द्यायचा. सुरुवातीलाच गुरुत्वाकर्षण किती ठेवायचे असे विचारले जाई आणि पृथ्वीसाठी ९.८ हा आकडा सुचवलेला असे. या गेमचा संपूर्ण कोड उघडा होता. तो वाचायचा, एखादा आकडा बदलायचा, एफ-५ दाबायचे आणि केळे कुठे जाते ते पाहायचे. पाठ्यपुस्तकात न मिळणारे शिक्षण या एका फायलीत होते. त्यानंतर डिप्लोमा आणि पदवीच्या वर्गांत टर्बो सी आले. चित्रांचा पडदा सुरू करणारी इनिटग्राफची ओळ लिहून, त्यासाठी लागणाऱ्या फायलींच्या बीजीआय फोल्डरचा मार्ग अचूक देऊन काळ्या पडद्यावर रेघा आणि वर्तुळे उमटवायची, आणि त्यातून साप, विटा फोडणे किंवा गाड्यांची शर्यत उभी करायची, हे मिनी प्रोजेक्टचे नेहमीचे विषय होते. हे गेम कोणी बाजारात नेले नाहीत. ते व्हायव्हाला दाखवले गेले, गुण मिळाले आणि ब्लॅक बुकच्या, म्हणजे बांधीव प्रकल्प अहवालाच्या, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदी पाकिटात फ्लॉपी किंवा सीडी होऊन बसले.

कोकणात या वस्तूंचा पहिला शत्रू हवा आहे. पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात, कपाटात बल्ब लावून कपडे आणि कागद वाचवावे लागतात, आणि साडेतीन इंची फ्लॉपीची धातूची झडप सरकवली की आतल्या तपकिरी चकतीवर बुरशीचे पांढरट ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर वाचणारे हेडही खराब होते आणि पुढची चांगली फ्लॉपी त्यामुळे ओरखडली जाते. सीडी अधिक टिकाऊ वाटते, पण घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतो. त्यात पुराची भर पडते; जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा घराघरांतले कागदपत्र आणि संगणक चिखलात गेले. शिवाय शिकलेला मुलगा नोकरीसाठी मुंबई-पुण्याला जातो, त्याचा जुना संगणक गावच्या घरात राहतो, आणि घर गणपतीत आणि मे महिन्यात तेवढे उघडते. माझ्या दृष्टीने येथल्या नुकसानीचे हेच सर्वांत मोठे कारण आहे, कारण पुराचे नुकसान दिसते आणि बंद घरातले दिसत नाही.

जे वाचेल ते चालवणे मात्र अवघड नाही. टर्बो सीमध्ये केलेले सोळा-बिट प्रोग्राम आजच्या चौसष्ट-बिट विंडोजवर उघडत नाहीत, पण डॉसबॉक्स या मोफत प्रोग्राममध्ये ते उघडतात आणि जुन्या वेगाशी जुळवूनही घेता येतात. फ्लॉपी वाचण्यासाठी यूएसबीचा बाह्य ड्राइव्ह पुरतो. बुरशी दिसली तर ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते, आणि ड्राइव्ह वाचू लागला की फायली एकेक न उचलता संपूर्ण चकतीची जशीच्या तशी नक्कल एका फायलीत उतरवून घ्यावी, म्हणजे विस्मृतीत गेलेली एखादी अर्धी आवृत्तीही हाती लागते. सीडी वाचलीच नाही तरी ब्लॅक बुकमध्ये बहुधा परिशिष्ट असते आणि त्यात संपूर्ण कोड छापलेला असतो. तो कोड हाताने पुन्हा टाइप करून किंवा पानांची छायाचित्रे काढून त्यांवरून उतरवून घेऊन गेम पुन्हा उभा करता येतो, मात्र अनेक ठिकाणी जुने प्रकल्प अहवाल जागेअभावी रद्दीत काढले जातात, तेव्हा ग्रंथपालांकडे आधी चौकशी करावी लागते.