पिंप ओतलं, पण घासलं नाही

"सर, परत आलंय बघा ते."

शेजारच्या काकांचा महिन्यातला हा तिसरा फोन. काकांचा टॉवेल-चादरींचा छोटा व्यापार आहे. घरच्या कॉम्प्युटरवर दिवसा बिलं आणि जीएसटी, संध्याकाळी नातवाचे गेम. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी लाल चौकोन उगवायचा : 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले'. सुताचा भाव शोधायला जावं तर नेहमीच्या सर्चऐवजी भलतंच पान उघडायचं. दुकानात नेऊन दोनदा फॉरमॅट मारून आणला होता. पहिल्यांदा तीन दिवस बरा राहिला, दुसऱ्यांदा एकच दिवस. "मशीनच नासलंय, नवं घेतो," असं काका म्हणत होते.

त्यांच्या दारात निळं पिंप होतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पिंप नाही असं घर विरळा. डेंग्यूचा डास नेमका याच साठवलेल्या पाण्यावर वाढतो. आरोग्य खात्याची माणसं 'कोरडा दिवस पाळा' म्हणतात तेव्हा आपण पिंप ओतून मोकळे होतो. पण या डासाची मादी अंडी घालते ती पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला. तिथं ती कोरडी पडून महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं ओतायचं नसतं, आतून घासायचं असतं. काकांचं मशीन दोनदा ओतलं होतं. घासलं कुणीच नव्हतं.

जाहिराती लादतं ते अ‍ॅडवेअर आणि गुपचूप माहिती पळवतं ते स्पायवेअर. दोघांमधली भिंत पातळच आहे, कारण कुठली जाहिरात दाखवायची हे ठरवायला आधी तुम्ही काय शोधता ते बघावं लागतं. हा सगळा पैशाचा धंदा आहे. प्रत्येक क्लिकमागे, प्रत्येक मशीनवर एकदा बसल्यामागे कुणाला तरी दमड्या मिळतात. एकदा हाकललं की गेलं, असा माल बनवून या धंद्यात कुणाचं भागणार? म्हणून परत येण्याची सोय बनवतानाच केलेली असते.

आधी तो लाल चौकोन. गंमत म्हणजे तो व्हायरस नव्हताच, मशीनमध्ये बसलेला प्रोग्रामही नव्हता. फुकट सिनेमे दाखवणाऱ्या कुठल्याशा साइटनं विचारलं असणार, 'तुम्ही रोबोट नाही ना? मग अलाऊ दाबा'. नातवानं दाबलं. ते बटण रोबोट ओळखायचं नव्हतं, त्या साइटला सूचना पाठवण्याची परवानगी द्यायचं होतं. मग ब्राउझरच तिचे निरोप इमानानं दाखवत राहतो. अँटीव्हायरसनं कितीही तपासलं तरी त्याला काही सापडत नाही, कारण पकडायला फाइलच नसते. उपाय अर्ध्या मिनिटाचा : ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथं नोटिफिकेशन, आणि परवानगी दिलेल्या यादीतली अनोळखी नावं काढून टाकायची. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथंच मिटतात. लोक मात्र घाबरून चौकोनातल्या 'साफ करा'वर क्लिक करतात आणि खरी घाण तिथून आत येते.

सर्चचं पान पळवणारं प्रकरण जास्त चिवट निघालं. ते एक एक्स्टेन्शन होतं, म्हणजे ब्राउझरला लटकलेला जोडीचा छोटा प्रोग्राम. काढायला गेलो तर काढण्याचं बटणच मेलेलं, आणि मेनूत तळाशी ओळ : हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहे. काकांच्या घरात कसली संस्था? मोठ्या कंपन्यांना हजारो मशीनवर एकच नियम लावता यावा म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथं लिहून ठेवतं त्या वहीत, तशी जागा ठेवलेली आहे. अ‍ॅडवेअर तिथं स्वतःचा नियम लिहून ठेवतं : हे एक्स्टेन्शन असलंच पाहिजे. घरच्या मशीनवर ही ओळ दिसली तर बहुतेकदा पाणी मुरतंय असं समजा. एखादा अँटीव्हायरसही ती आणू शकतो, हा अपवाद. जोडीला टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक काम लावलेलं होतं : मशीन चालू झालं की आणि नंतर दर तासाला अमुक फाइल चालव, नसेल तर पुन्हा उतरवून घे. तुम्ही डास मारत बसता आणि हे तासातासाला नवी अंडी घालतं.

मशीनवर आपोआप चालू होणाऱ्या अशा गोष्टी एका यादीत दाखवणारं 'ऑटोरन्स' नावाचं फुकट साधन आहे. ते बनवणाऱ्यांपैकी मार्क रुसिनोविच या माणसानं २००५ साली स्वतःच्याच कॉम्प्युटरवर एक लपलेली गोष्ट पकडली होती. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीनं कॉपी रोखण्यासाठी गुपचूप टाकलेला तो प्रोग्राम होता. विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल तो विंडोजपासूनच लपवायचा. बोभाटा झाला आणि कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं रुसिनोविचची कंपनी विकत घेतली, म्हणून ऑटोरन्स आज त्यांच्याच साइटवर मिळतं. त्यातलं काही उडवण्याआधी मात्र नाव नीट वाचा. अनोळखी दिसलं म्हणून लगेच शत्रू ठरत नाही, प्रिंटरचा ड्रायव्हरही तिथंच असतो.

पण फॉरमॅटनं तर हे सगळं पुसलं जातं. मग परत आलं कुठून?

दोन वाटांनी. पहिली वाट सिंकची, म्हणजे खात्यात जपलेलं सगळं मशीनवर आपोआप उतरण्याची. फॉरमॅटनंतर काकांनी ब्राउझरमध्ये आपल्या जुन्या खात्यात लॉगिन केलं की बुकमार्क आले, पासवर्ड आले आणि मागोमाग जुनं एक्स्टेन्शनही आलं. तो मुक्काम मशीनमध्ये नव्हताच, खात्यात होता. दुसरी वाट म्हणजे काकांच्या ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह. त्यात 'सगळी सॉफ्टवेअरं' होती, म्हणजे पैसे न देता ऑफिस चालू करून देणारं क्रॅक. फॉरमॅटनंतर दरवेळी पहिलं काम तेच टाकायचं. ते टाकताना अँटीव्हायरस बंद करा असं त्यातच लिहिलेलं, आणि आपण आज्ञाधारकपणे बंद करतो! चोराला किल्ली देऊन कुत्राही बांधून ठेवायचा, असा हा प्रकार.

फुकट पण सरळ सॉफ्टवेअरही साधूसंत नसतं. नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलं की मधल्या एखाद्या पानावर आधीच टिक केलेला चौकोन असतो आणि त्यातून टूलबार आत येतो. तुम्ही संमती दिलेली असल्यामुळे अँटीव्हायरस त्याला चोर म्हणायला कचरतो. विंडोजमध्ये अशा 'नको असलेल्या अ‍ॅप'ना अडवण्याची वेगळी सोय आहे. विंडोज सिक्युरिटीत शोधून ती चालू आहे ना, ते बघून घ्या.

सगळं करूनही, आणि घरातल्या मोबाइलवरही, तेच होत असेल तर राउटर बघावा. साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता सांगणारी डीएनएस नावाची व्यवस्था असते. राउटरमध्ये तिथंच खोटा पत्तेवाला बसवता येतो. डीएनएसचेंजर या मालवेअरनं कॉम्प्युटरमध्ये आणि राउटरमध्येही हेच केलं. २०११ साली अमेरिकेच्या एफबीआयनं ती टोळी उघडकीला आणली तेव्हा १०० हून अधिक देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर बाधित होते. कंपनीनं दिलेला मूळ पासवर्ड न बदललेले राउटर त्याला आयतेच सापडायचे. काकांचा राउटर स्वच्छ होता, पण पासवर्ड 'अ‍ॅडमिन'च. बदलला.

मग क्रम उलटा केला. आधी खात्यातलं सिंक केलेलं सगळं पुसलं, पेनड्राइव्हमधलं क्रॅक उडवलं, आणि त्यानंतर विंडोज नव्यानं टाकलं. त्यांचं जुनं विंडोज १० होतं. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा मशीनला झेपणारं विंडोज ११ घातलं. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस टाकलं, ते हक्कानं फुकट आहे. बिलांना तेवढं पुरतं.

शेवटचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. रोजच्या वापराचं खातं साधं केलं, अ‍ॅडमिनचं वेगळं. साध्या खात्यातून विंडोजच्या गाभ्यात काही बसवायचं म्हटलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. ब्राउझरमधलं 'अलाऊ' त्यानं थांबत नाही, पण रजिस्ट्रीतले ते नियम लिहिणं थांबतं. काका म्हणाले, पासवर्ड मला नको, मी विसरतो. तो काकूंना दिला. आता नातवाला नवा गेम टाकायचा तर स्वयंपाकघरात जावं लागतं, आणि भाकरी थापता थापता काकू आधी विचारतात, "कुठनं आणलास रे ते?"