जुनं डिझेल इंजिन घरी उघडताय? आधी हे वाचा

आमच्या वर्कशॉपच्या ग्राहकांना पहिली विनंती: इंजिन पोत्यातून आणू नका.

पावसाळा सरला की खानापूर, निपाणी, चिकोडीकडून कुणीतरी खताच्या दोन पोत्यांत सुटं केलेलं इंजिन घेऊन येतं. म्हणतं, ‘साफ सगळं केलंय, तुम्ही फक्त जोडून द्या.’ पोतं उपसलं की चार नट कमी, हेडच्या तोंडावर छिन्नीचे घाव, आणि कॉस्टिक सोड्यात टाकून खड्डे पडलेला पिस्टन. अशा इंजिनाला न उघडलेल्या इंजिनापेक्षा जास्त खर्च येतो. धुणं, गंज काढणं, रंग देणं ही वेळखाऊ कामं तुम्ही घरी करा, मापाची कामं आमच्यावर सोडा. यात तुमचेच पैसे वाचतात.

आपल्या भागातल्या गोठ्यांत आणि बंद पडलेल्या गुऱ्हाळांत मुख्यतः दोन जातींची इंजिनं सापडतात. पहिली लिस्टर धाटणीची: दोन मोठी चाकं, मिनिटाला साधारण 650 फेरे, 6 अश्वशक्ती. दुसरी पीटर धाटणीची: अंगाने लहान, 1500 फेरे, 5 अश्वशक्ती, 80 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). विहिरीवर वीज येण्याआधी पाणी यांनीच उपसलं आणि भातगिरण्याही यांनीच चालवल्या. यातलं किर्लोस्करचं इंजिन दिसलं की ‘किर्लोस्कर बेळगावचेच की ओ,’ असं बरेच जण अभिमानाने सांगतात. ते अर्धं खरं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान बेळगावातच काढलं, पण 1910 मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला आणि ऑइल इंजिनांची कंपनी 1946 मध्ये पुण्यात निघाली. इंजिनावरची पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी मात्र जपा. तिच्यावर रंग मारू नका, कारण नंबर वाचता आला तरच सुटा भाग नेमका मिळतो.

उघडण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, जास्त झाले तरी चालतील. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. हेडखालची पॅकिंग, सायलेन्सरची पॅकिंग किंवा दोरी जुनी असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती कोरडी घासू नका, पाण्याने भिजवून अलगद काढा. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून तोही ओलाच घासा.

चाक हलत नसेल तर

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पिस्टन अडकला की घरातला सगळ्यात तगडा माणूस घण घेऊन पुढे येतो. त्याला चहा द्या आणि बसवा.

हेड उतरवा. पिस्टनच्या डोक्यावर ॲसिटोन आणि एटीएफ तेल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) निम्मं-निम्मं ओता. हे दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून ओतताना बाटली हलवत राहा. ॲसिटोन चटकन पेट घेतं, तेव्हा बिडी-काडी लांब. हे मिश्रण नसेल तर डिझेल आणि इंजिन ऑइलही चालतं, पण दिवस जास्त लागतात. रोज थोडं ओतायचं आणि आठवडाभर तरी थांबायचं. लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या) वरच्या कडेला साचलेला काजळीचा कडा आधी खरवडून काढा, नाहीतर सुटलेला पिस्टन तिथेच पुन्हा अडकतो. मग पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. केसभर खाली सरकला की थांबा, तेल घाला, चाक उलट फिरवून बघा. मागे-पुढे, मागे-पुढे असाच तो सुटतो. पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर तसंच आमच्याकडे आणा, आम्ही प्रेसवर काढतो. रिंगा बिडाच्या असतात, ताणल्या की तुटतात. त्या गेल्या तर नव्या मिळतात, पण लायनरला चीर गेली की खर्चाची पट्टी लांबते.

धुताना

पेट्रोलने धुऊ नका. रॉकेल किंवा डिझेल, जुना ब्रश आणि जुनी साडी एवढं पुरतं. कॉस्टिक सोडा बिडाची चिकट घाण छान काढतो, पण ॲल्युमिनियम खातो आणि तसं करताना पेटणारा वायू सोडतो. म्हणून भाग बुडवण्याआधी चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर कॉस्टिक नको. सोडा नेहमी पाण्यात टाका, सोड्यावर पाणी कधीच ओतू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच.

बिडाच्या आणि लोखंडाच्या भागांवरचा गंज काढायची आमची आवडती रीत विजेची. प्लास्टिकच्या टबात 10 लिटर पाण्याला दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा घाला. गंजलेला भाग 12 व्होल्ट चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकाला जोडा. दोन्ही एकमेकांना चिकटू देऊ नका. रात्रभरात गंज काळा होऊन सुटतो, चांगलं लोखंड शाबूत राहतं. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नको, त्यातून विषारी द्रव्य पाण्यात उतरतं. टब उघड्यावर ठेवा. चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

पाण्याच्या जॅकेटमधला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतला) चुना किराणा दुकानातल्या लिंबूफुलाने निघतो. लिटरला 50 ग्रॅम घ्या, बुडबुडे थांबले की ओता आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवा. संडासचं ॲसिड वापरू नका. ते चुना काढतं, पण लोखंडही खातं आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज दिसतो.

याला हात लावू नका

नोझल (डिझेलचा फवारा मारणारं तोंड) आणि डिझेल पंप. त्यांच्या आतले भाग जोडीजोडीने घासून बसवलेले असतात. एका नोझलची सुई दुसऱ्यात घातली की दोन्ही वाया. सँडपेपर तर सोडाच, सुती कापडाचा धागाही पुरतो. न उघडता, तोंडं झाकून आणा. बोअरचं माप, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्हच्या सीट हेही आमचं काम. घरी रिंगेची फट बघायची असेल तर रिंग लायनरमध्ये सरळ बसवून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. 80 मिलिमीटरच्या बोअरला नव्या रिंगेत साधारण 0.3 मिलिमीटर फट असते. फट याच्या दुप्पट-तिप्पट दिसली तर रिंगाच नाही, लायनरही मोजून घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना

नवं ऑइल भरा, हेडचे नट आमनेसामने आळीपाळीने आवळा, डिझेलच्या नळीतली हवा काढा. चालणाऱ्या नोझलसमोर बोट धरू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीसारखा वळवू नका. उलटा झटका बसला तर मनगट वाचतं. व्हॉल्व्ह उचलून धरणारा खटका लावून चाकाला वेग द्या, मग सोडा.

शेजारी एक जाड लाकडी फळी तयार ठेवा आणि हवेची गाळणी काढून ठेवा. डिझेल पंपाचा दांडा अडकला किंवा इंजिन स्वतःचंच ऑइल ओढू लागलं तर ते बेफाम पळतं. आधी डिझेल बंद करा. तरीही थांबलं नाही तर हवेच्या तोंडावर फळी दाबा. हात नाही, फडकंही नाही, दोन्ही आत ओढले जातात. मुलं आणि गुरं त्या दिवशी अंगणात नकोत.

पाच-सहा तास चालल्यावर पहिलं ऑइल काढून टाका. ते गटारात किंवा शेतात ओतू नका. डब्यात भरून आणलंत तर आम्ही ठेवून घेतो. हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर आहे, शेजाऱ्याला हवं असेल तर तेही घेऊन जा.