पोटरीच्या शिरेत गुठळी: दुसरी सोनोग्राफी का चुकवू नये

पोटरी दुखते, सुजली आहे, हात लावला तर गरम लागते, म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला आमच्याकडे पायाच्या डॉपलरसाठी, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी, पाठवलं आहे. ही तपासणी कशी होते आणि अहवालावरून पुढचे उपचार कसे ठरतात, ते इथे सांगत आहोत.

तपासणीत सुई टोचत नाही, क्ष-किरणही वापरत नाहीत आणि उपाशीपोटी यायची गरज नाही. पायाला जेल लावून आम्ही जांघेपासून घोट्यापर्यंत प्रोबने (सोनोग्राफी यंत्राच्या हातात धरायच्या भागाने) थोड्या थोड्या अंतरावर शीर दाबून पाहतो. निरोगी शीर हलक्या दाबानेही पूर्ण मिटते, आत गुठळी असेल तर मिटत नाही. निदानाचा मुख्य आधार हाच. गुडघ्याखाली मात्र हे काम चिकाटीचं आहे. तिथल्या शिरा बारीक असतात, बऱ्याचशा धमनीच्या दोन्ही बाजूंनी जोडीने जातात, काही तर स्नायूंच्या आत असतात. सूज फार असेल तर एखादा भाग नीट दिसत नाही. तसं झालं तर अहवालात आम्ही तसं लिहितोच, कारण ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘गुठळी नाही’ असं होत नाही.

अहवालात आधी गुठळीची जागा बघा. गुडघ्यामागच्या किंवा मांडीच्या शिरेत ती असेल, तर सहसा लगेच औषध सुरू होतं, कारण तिथून तुकडा सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका मोठा असतो. फक्त पोटरीत असेल तर मार्ग दोन.

त्रास जास्त असेल, गुठळी ५ सेंटिमीटरपेक्षा लांब किंवा गुडघ्याजवळ असेल, कर्करोग असेल किंवा पूर्वी गुठळी झालेली असेल, तर डॉक्टर बहुधा रक्त पातळ करणारं औषध देतात, साधारण ३ महिने. रिव्हारोक्सॅबॅन किंवा ॲपिक्सॅबॅन सुरुवातीला जास्त मात्रेत असतं, नंतर कमी होतं. वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) २ ते ३ दरम्यान ठेवावा लागतो. गरोदरपणात या गोळ्या देत नाहीत, हेपरिनची इंजेक्शनं देतात. नाव ‘पातळ करणारं’ असलं तरी हे औषध गुठळी विरघळवत नाही. ते तिला वाढू देत नाही, विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू करतं. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या मनाने बंद करू नका. अंगदुखीची गोळीही विचारूनच घ्या, तिच्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो.

दुसरा मार्ग औषधाशिवाय लक्ष ठेवण्याचा. त्यात साधारण एका आठवड्याने आणि पुन्हा दुसऱ्या आठवड्यात सोनोग्राफी होते. उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण १५ टक्के लोकांत गुठळी वर सरकते, आणि तीही बहुतेक वेळा याच दोन आठवड्यांत. दुखणं थांबलं म्हणून दुसऱ्या तपासणीला न येणारे रुग्ण पाहिले की आम्हाला खरोखर काळजी वाटते. दुखणं थांबलं तरी गुठळी वाढत असू शकते. औषधाविना राहण्याचा निर्णय या तपासण्यांच्या भरवशावरच घेतलेला असतो.

अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर आमच्याकडे वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालयात जा. औषध चालू असताना काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला, तरीही हेच करा.

पुढच्या तपासणीला पहिला अहवाल घेऊन या. त्यातली मापं समोर असली, की गुठळी वाढली का हे नेमकं सांगता येतं.