स्पोर्ट्स कारचं कस्टम एक्झॉस्ट (मुंबई)

कस्टम एक्झॉस्ट म्हणजे गाडीसोबत कंपनीतून आलेली धूर बाहेर टाकायची लाइन, अख्खी किंवा अर्धी, उतरवून तिच्या जागी त्याच गाडीच्या मापाने हाताने बनवलेली लाइन चढवणं. रेडिमेड किट पण मिळतात, स्लोव्हेनियाच्या अक्रापोविचचे टायटॅनियमवाले तर भारीच, पण बाहेरून मागवायचं म्हणजे ड्युटी धरून बिल कुठच्या कुठे जातं, म्हणून मुंबईत बरेच जण शेवटी एखाद्या फॅब्रिकेटरचा रॅम्प गाठतात. बोलताना सगळे याला सरसकट सायलेन्सर म्हणतात, बाइकवाली पोरं पुंगळी म्हणतात, पण सायलेन्सर हा त्या लाइनमधला एक डबा झाला. इंजिनच्या हेडला चिकटून हेडर म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्या, टर्बो असेल तर त्याच्यामागे डाउनपाइप, मग धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे कॅट, इंजिनची थरथर खाणारा फ्लेक्स पाइप, आवाजातली खरखर कमी करणारा रेझोनेटर, मागचा मफलर म्हणजे तोच सायलेन्सरचा डबा, आणि शेवटी चकाचक टिप, ज्याने पॉवर काडीची वाढत नाही पण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळ तीच निवडण्यात घालवतं.

‘गाडीला बॅकप्रेशर लागतं बॉस’, म्हणजे धुराच्या वाटेत थोडा अडथळा हवा, हे वाक्य जवळपास प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. ते अर्धवट आहे. इंजिनला अडथळा नको असतो, त्याला वायूचा वेग लागतो. एका सिलिंडरमधून सुटलेला गरम झोत पाइपमधून पुढे पळतो तेव्हा त्याच्यामागे दाब कमी होतो आणि त्या ओढीने उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो, पाइप गरजेपेक्षा जाड घेतला की झोत मंदावतो, ओढ जाते आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी चालते. मग लोक म्हणतात बॅकप्रेशर गेलं. अडीच इंचाऐवजी तीन इंची पाइप टाकला की आतली जागा जवळजवळ दीडपट होते, हे डोक्यात असलेलं बरं. चार सिलिंडरच्या इंजिनात फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, सहसा 1-3-4-2 असते, म्हणून 4-2-1 हेडर (चार नळ्यांच्या दोन, मग दोनाची एक) बनवताना 1 आणि 4 एकत्र आणि 2 आणि 3 एकत्र जोडतात, म्हणजे झोत एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. टर्बो गाडीचं गणित वेगळं, तिथे टर्बोनंतरची लाइन जितकी मोकळी तितकं चांगलं.

माल म्हणजे बहुतेक वेळा 304 ग्रेडचं एसएस (स्टेनलेस स्टील), 16 गेज, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीचं. गुलालवाडी-कुंभारवाडा पट्ट्यात एसएस पाइपची दुकानं आहेत, तिथे जाताना खिशात चुंबक घेऊन जायचा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धाच उपयोगाचा आहे. 409 ग्रेडच्या एसएसला चुंबक चिकटतं, 304 ला सहसा चिकटत नाही, इथपर्यंत ठीक, पण 202 लाही चिकटत नाही आणि 202 स्वस्त असतं, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. मुंबईच्या खाऱ्या हवेत 202 चा पाइप लवकर तांबूस डाग धरतो. आम्हाला एकदा 304 सांगून तेच गळ्यात मारलं होतं, पहिल्या पावसाळ्यातच कळलं.

बेंड शक्यतो मँड्रेलचे, म्हणजे पाइपच्या आत आधार घालून वाकवलेले घ्यावे, त्यात वळणावर पाइप चपटा होत नाही. साध्या मशिनवर वाकवलेला पाइप वळणावर आत दबतो आणि मोठा पाइप घेऊन जे कमावलं ते तिथेच जातं.

खरं काम रॅम्पवर गाडी चढल्यावर सुरू होतं. तुकडे कापायचे, गाडीखाली धरून जुळवायचे, दोन-तीन टॅक म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारायचे, पुन्हा बघायचं, मग अख्खी लाइन उतरवून टेबलावर पक्कं वेल्डिंग. हे आर्गन वेल्डिंग, म्हणजे टिग. मे महिन्यातही वेल्डर आधी पंखा बंद करायला सांगतो, कारण वाऱ्याने आर्गन उडून जातो आणि जोडात छिद्रं पडतात, त्यामुळे आपण घामाने निथळत उभे आणि तो हेल्मेटच्या आत. चांगला कारागीर अजून एक गोष्ट करतो जी बाहेरून दिसतच नाही, पाइपची तोंडं टेपने बंद करून आतूनही आर्गन सोडतो. तसं केलं नाही तर जोडाच्या आतल्या बाजूला जळलेल्या साखरेसारखी काळी खरखरीत खपली येते, वायू तिथे अडखळतो आणि तडा जायची सुरुवातही तिथूनच होते. बाहेरून मात्र जोड नाण्यांची चळत आडवी केल्यासारखा सुंदर दिसतो आणि त्याचेच फोटो सगळीकडे फिरतात. म्हणून पैसे द्यायच्या आधी पाइपच्या आत मोबाइलचा टॉर्च मारून बघायचं, कुणाला राग आला तर येऊ दे.

नवशिक्याचा नेहमीचा घोळ म्हणजे थंड गाडीवर घेतलेलं माप. एसएस तापलं की लांब होतं, 304 चा एक मीटर पाइप तापमान 500 अंशांनी वाढलं तर साधारण नऊ मिलिमीटर वाढतो. माझ्या मित्राच्या गाडीची लाइन रॅम्पवर एकदम परफेक्ट बसली होती, आणि वाशीपर्यंत जाऊन येतो तोवर मागच्या सस्पेन्शनवर टण टण आपटायला लागली. लाइन गाडीखाली टांगून धरणाऱ्या हँगरच्या रबरांना हलायला जागा आणि फ्लेक्स पाइपला थोडी ढील, दोन्ही ठेवावं लागतं. आणि वरून अंतर मिळवायला लाइन खाली उतरवायची सोय नाही, कारण आपल्याकडचे स्पीडब्रेकर.

आवाज वाढवायला अक्कल लागत नाही, मफलर कापला की झालं. अक्कल ड्रोन घालवायला लागते. ड्रोन म्हणजे एका ठरावीक आरपीएमला केबिनमध्ये भरून राहणारी घूं, अर्ध्या तासात डोकं उठवणारी. चार सिलिंडरचं इंजिन 3000 आरपीएमला सेकंदाला 100 वेळा फायर होतं, म्हणजे 100 हर्ट्झ. गरम धुरात आवाज सेकंदाला 480 मीटरच्या आसपास पळतो असं धरलं तर त्याच्या लहरीचा पाव भाग येतो 1.2 मीटर, तेवढ्या लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी मेन लाइनला फांदीसारखी जोडली की तिच्यातून परत आलेली लहर उलटी पडून मूळ लहर मारते. याला जे-पाइप म्हणतात. गाडीखाली सव्वा मीटर मोकळी जागा शोधणं ही पुढची डोकेदुखी.

आता कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि आवाज-प्रदूषणाच्या कलम 190(2) खाली 10,000 पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स बाद. त्यामुळे असं एक्झॉस्ट खऱ्या अर्थाने शोभतं ते ट्रॅकवर, आणि मुंबईत ट्रॅक नाही, चेन्नई किंवा कोइम्बतूरसारखं ठिकाण गाठावं लागतं. कोस्टल रोड मार्च 2024 मध्ये सुरू झाला तेव्हापासून तिथल्या बोगद्यात आवाज घुमवायची हौस बऱ्याच जणांना आलीय, तिथे लिमिट 60 ची आहे आणि आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारीही झाल्यात. रास्तच आहेत.

कॅट काढायच्या फंदात पडू नये हे माझं स्पष्ट मत. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ते 1995 पासून सक्तीचं आहे, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, ते काढलं की धुराचा वास सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना कळतो आणि नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागून बसतो (कोड P0420, म्हणजे कॅट नीट काम करत नाही).

उतरवलेली स्टॉक लाइन भंगारात देऊ नये, गाडी विकताना किंवा आरटीओचं काही निघालं की तीच परत चढवावी लागते. अडचण एवढीच की वन बीएचकेत अडीच मीटरचा पाइप ठेवायचा कुठे. आमच्या ओळखीत एकाचा दिवाणाखाली आहे, गोणपाटात गुंडाळलेला, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला त्याची आई तो बाहेर काढून विचारते की हे अजून लागणारे का.