कुलूप लावणाराच गेला तर? शेअर्ड मेमरी आणि सेमाफोरची पार्श्वभूमी

कोकण रेल्वेने येणाऱ्याजाणाऱ्याला सेमाफोर वेगळा समजवायला नको. रोहा-वीर पट्टा सोडला तर मार्ग बहुतेक एकेरीच, त्यामुळे राजापूर रोडला गाडी थांबते, कोणीतरी "क्रॉसिंग आहे" म्हणतं, समोरून सुपरफास्ट धडधडत जाते आणि मग आपली हलते. कॉम्प्युटरमधला सेमाफोर म्हणजे असाच एक आकडा: प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) तो खाली नेते म्हणजे कुलूप लावते, वर आणते म्हणजे उघडते, आणि तो शून्यावर असेल तर पुढच्याने थांबायचं. नाव पण रेल्वेचंच आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका डच माणसाने सिग्नलच्या हातावरून ते उचललं. त्याच्या पी (खाली नेणं) आणि व्ही (वर आणणं) या दोन ऑपरेशन्सनी मात्र आजवर पोरांचा जीव घेतलाय. व्ही म्हणजे डचमधे वाढवणे, हे सरळ आहे. पी म्हणजे आधी पार होणे, पण नंतर 'कमी करायचा प्रयत्न कर' अशा अर्थाचे शब्द जोडून 'प्रोलाख' असा एक शब्दच बनवला गेला, जो डच माणसालाही कळत नसावा. 

खरी भानगड १९८३ च्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्सपासून. शेअर्ड मेमरी (अनेक प्रोसेसेसनी मिळून वापरायची मेमरी), सेमाफोर आणि मेसेज क्यू (निरोपांची रांग) अशी तिन्ही भावंडं एकदम आली, मुळात ती टेलिफोन कंपनीच्या आतल्या वापराच्या युनिक्समधली. तिथे 'सेमाफोर' मागितला की एक नाही, आख्खा संच मिळतो. बरं, सेमगेट या कॉलने तो तयार करायचा आणि सेमसीटीएल या दुसऱ्या कॉलने व्हॅल्यू द्यायची, या दोन वेगळ्या पायऱ्या, म्हणजे मधल्या वेळात दुसरी प्रोसेस घुसली की झालं. रेस (दोघं एकाच वेळी घुसून होणारा गोंधळ) थांबवायला आणलेल्या गोष्टीच्या जन्मातच रेस, कुंपणानेच शेत खायचा प्रकार. आणि तिसरं म्हणजे प्रोसेस मेली तरी हे सगळं कर्नलमधे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) तसंच पडून राहतं, कोणी आयपीसीआरएम कमांडने पुसेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत.

याचा प्रसाद मी रत्नागिरीजवळच्या एका जेटीवर खाल्लाय. मासळीच्या वजनाचं सी मधलं जुनं काम होतं, एक प्रोसेस काट्यावरून वजन घेऊन शेअर्ड मेमरीत टाकायची, दुसरी तिथून उचलून पावती छापायची. एकदा काट्याची प्रोसेस अडकली, कोणीतरी सरळ किल -९ करून ती जबरदस्तीने मारली, आणि छपाई जी थांबली ती थांबलीच. प्रोग्रॅम दोनदा चालू करून झाला, उपयोग शून्य. मागे लाँचवाले टोपल्या घेऊन ओरडतायत, मासळीवरचा बर्फ वितळतोय आणि मी आयपीसीएस -एस च्या (सेमाफोरच्या यादीच्या) ओळी बघत बसलोय. सेमाफोर शून्यावर अडकलेला, ज्याने खाली नेला तो केव्हाच मेलेला.

मग कोणीतरी सांगितलं की सेम-अनडू फ्लॅग लाव, प्रोसेस मेली की कर्नल आपणहून सेमाफोर पूर्ववत करतो. लावला. पुढच्या वेळी छपाई थांबली नाही, पण पावतीवर लाँचचा नंबर नवीन आणि वजन आधीच्या लाँचचं! लिहिणारी प्रोसेस नंबर टाकून वजन टाकायच्या आधी मेलेली होती. कुलूप उघडलं होतं, आतला माल अर्धवटच होता, आणि हे कोणी कोणाला सांगितलंच नाही.

म्हणून अनडू चांगलं की वाईट यावर लोक अजून भांडतात आणि माझं मत वाईट या बाजूचं आहे. अडकलेला प्रोग्रॅम निदान दिसतो, चुकीची पावती दिसत पण नाही. १९९३ च्या पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं मानक) सेमाफोरमधे तयार करतानाच व्हॅल्यू द्यायची सोय झाली, म्हणजे जन्माची रेस मिटली, पण अनडू घेतलाच नाही. मूळ अडचण तशीच राहिली, ती म्हणजे सेमाफोरला मालक नसतो. कोणीही खाली न्यावा, कोणीही वर आणावा. "बायनरी सेमाफोर (फक्त ० किंवा १ वाला) म्हणजेच म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप)" असं जे सर्रास शिकवतात ते इथेच फसतं, म्युटेक्सला मालक असतो आणि मालक असला तरच मालक मेला हे कळणार ना.

१९९५ च्या पीथ्रेड या पॉझिक्सच्याच थ्रेडच्या मानकात म्युटेक्स शेअर्ड मेमरीतच ठेवून प्रोसेसेसमधे वाटायची सोय कागदावर आली, लिनक्सवर ती नीट वापरता आली २.६ कर्नलच्या फ्युटेक्स या सोयीमुळे, २००३ च्या शेवटी. त्यात कुलपासाठी भांडण नसेल तर कर्नलला हाकच मारावी लागत नाही. रोबस्ट म्युटेक्स त्याच्यावर आला, लिनक्समधे २००६ ला, पॉझिक्समधे २००८ ला. मालक मेला की पुढच्याला कुलूप मिळतं, पण सोबत 'ओनर डेड' असा एरर पण मिळतो. मग आधी माल तपासा, दुरुस्त करा, कन्सिस्टंट म्हणून सांगा आणि मगच सोडा. न सांगता सोडलंत तर ते म्युटेक्स कायमचं बाद. जेटीवर मला हेच पाहिजे होतं.

सिस्टिम फाइव्ह मेलं असं मात्र नाही. लिनक्सवर शेअर्ड मेमरीची डीफॉल्ट मर्यादा कित्येक वर्षं ३२ एमबी होती, पोस्टग्रेस हा डेटाबेस टाकणारा प्रत्येकजण ती वाढवत बसायचा. २०१३ च्या ९.३ मधे पोस्टग्रेसने मुख्य मेमरी एममॅप या दुसऱ्या पद्धतीवर नेली, पण सिस्टिम फाइव्हचा एक चिमुकला तुकडा मुद्दाम ठेवला. कारण त्या मेमरीला किती प्रोसेस चिकटल्यात हे कर्नल तिथेच सांगतो, त्यामुळे जुन्या सर्वरचं एखादं पोर (त्याने सुरू केलेली प्रोसेस) जिवंत असताना त्याच डेटावर नवा सर्वर उठत नाही. आजही पोस्टग्रेसच्या मशीनवर आयपीसीएस -एम (शेअर्ड मेमरीची यादी) मारलं की ५६ बाइटची एक ओळ दिसते, ती हीच.