वुड क्वे: डब्लिनच्या उत्खननांमागची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली युरोपातली शहरं पुन्हा बांधताना जुने थर आपसूक उघडे पडले. तटस्थ राहिलेल्या आयर्लंडच्या राजधानीला त्या मानाने फारशी झळ लागली नव्हती. तिथे हे काम रस्तारुंदी आणि पाडापाडीने केलं, तेही उशिरा. पहिलं उत्खनन १९६१-६२मध्ये डब्लिन कॅसलच्या आवारात झालं. पाठोपाठ हाय स्ट्रीट, वाइनटॅव्हर्न स्ट्रीट आणि क्राइस्टचर्च प्लेस इथे आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने खणायला घेतलं. चांभारांच्या चामड्याच्या कातरणी, हरणाच्या शिंगाचे कंगवे, नक्षीचा हात बसवण्यासाठी कोरलेले हाडांचे तुकडे असा माल निघू लागला. पाणथळ चिखलात हवा न पोहोचल्याने लाकूड आणि चामडं हजारभर वर्षं टिकलं होतं.

खरी ठिणगी पडली ती लिफी नदीकाठच्या वुड क्वे इथे. महापालिकेने आपल्या कार्यालयांसाठी ही जागा पन्नासच्या दशकापासूनच हेरली होती. १९७४पासून तिथे आणि पुढे लगतच्या फिशॅम्बल स्ट्रीटवर जे सापडलं ते अपेक्षेपलीकडचं होतं. स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंगांचं गावच उघडं पडलं: कुडाच्या भिंतींची घरं, त्यांच्या अंगणवाटा, एकापाठोपाठ एक नदीकडे सरकत गेलेले मातीचे बांध, साधारण ११००च्या सुमाराची दगडी तटबंदी. फिशॅम्बल स्ट्रीटवर घरं पडली, पुन्हा उभी राहिली, पण भूखंडांच्या हद्दी पिढ्यान् पिढ्या जवळपास जागच्या जागी राहिल्या.

तरीही सरकारी उत्साह बेताचाच होता. व्हायकिंग म्हणजे परके लुटारू, हे शालेय इतिहासाने मनात पक्कं केलेलं होतं. त्यांच्या गावासाठी जीव टाकावा असं फार जणांना वाटलं नाही. अधिकाऱ्यांचा युक्तिवाद मात्र वेगळा आणि अगदीच टाकाऊ नव्हता: लाकडी घरं खणून, मोजून, नोंदवून झाली की तटबंदी वगळता जागेवर जपण्यासारखं उरतं काय?

१९७६मध्ये जतनासाठी नागरिकांचा गट उभा राहिला. मध्ययुगीन इतिहास शिकवणारे एक धर्मगुरू-प्राध्यापक त्याचे प्रमुख होते. जून १९७८मध्ये उच्च न्यायालयाने ही जागा राष्ट्रीय स्मारक असल्याचं मान्य केलं, आणि इथेच गंमत झाली. १९३०च्या कायद्यानुसार असं स्मारक पाडायला संमती लागत होती. पण जागा महापालिकेचीच असल्याने ती संमती महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम आयुक्त यांनी मिळून द्यायची होती. जो पाडणार, तोच परवानगी देणाऱ्यांत. संमती अर्थातच निघाली. त्या सप्टेंबरमध्ये सुमारे वीस हजार लोक रस्त्यावर उतरले. जून १९७९मध्ये आंदोलकांनी जागेचाच ताबा घेतला, तोही सुमारे तीन आठवडे. स्थानिक निवडणुका नेमक्या त्याच महिन्यात होत्या, आणि काही नगरसेवकांना हे प्रकरण महागात पडलं.

आंदोलनाने इमारत थांबली नाही, उत्खननाला मुदत मिळाली. १९८१पर्यंत खणणं चाललं. त्यामुळे आंदोलन हरलं असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. आज मध्ययुगीन डब्लिनबद्दल जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यातला मोठा वाटा त्या वाढीव मुदतीचा आहे. जागेवर दोन थोराड काँक्रीटचे ठोकळे उभे राहिले. डब्लिनकर त्यांना बंकर म्हणू लागले. तटबंदीचा एक तुकडा तळघरात आहे. १९८८मध्ये त्याच शहराने आपली सहस्राब्दी थाटात साजरी केली आणि व्हायकिंगांचं भरपूर कौतुक झालं.

नव्वदच्या दशकात टेंपल बार या वस्तीच्या पश्चिम भागात आणि २००३मध्ये साउथ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवर आणखी जुने, नवव्या शतकातले अवशेष मिळाले. ही कामं बांधकामाच्या आधी, परवाना घेऊन झाली आणि फारसा गाजावाजा झाला नाही. संमतीचं ते कलम मात्र पुन्हा वर आलं. शहराच्या दक्षिणेला कॅरिकमाइन्सच्या किल्ल्याच्या जागेवरून जाणारा महामार्ग त्याच मुद्द्यावर न्यायालयात अडकला. त्यावर २००४मध्ये कायदा बदलण्यात आला, आणि सार्वजनिक हिताचं कारण देऊन स्मारक हटवायला मंजुरी देण्याचा अधिकार मंत्र्यांकडे गेला.